खळे, परस आणि वर्षावास : हिंगोली परिसरातील बौद्ध गृहजीवनाचा एक धागा

धम्मक्रांतीचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी प्रथम नागपूरकडे वळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा आरंभ तेथूनच व्हावा हे रास्त आहे. परंतु दीक्षा घेतलेली माणसे दीक्षाभूमीवर राहिली नाहीत. ती रेल्वेने, बैलगाडीने, पायी आपापल्या गावी परतली. तेथे त्यांचे घर होते, घरात चूल होती, आणि चुलीवर शिजावयाचे धान्य कोणाच्या तरी शेतातून यावयाचे होते. दीक्षेनंतरच्या पहिल्या सुगीत ते धान्य कोठून आले आणि कोणत्या नात्याने आले, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो हिंगोली परिसरापुरता विचारीत आहोत.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. त्यापूर्वी दीर्घकाळ हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जुनी माणसे त्यास मोगलाई म्हणत. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी असल्यामुळे राज्ये दोन असली तरी वार्ता एकच असे, आणि नागपूर-वऱ्हाडकडील चळवळीचे वारे या वाटेने मोगलाईत येत राहिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. दीक्षेचा दिवस आणि हा दिवस यांत अवघे अठरा दिवसांचे अंतर आहे. अठरा दिवसांत या भागातील नवबौद्धाचा धर्म बदलला आणि राज्यही बदलले. गावचे खळे मात्र होते तेथेच होते.

मळणीयंत्राच्या काळात वाढलेल्या वाचकांसाठी खळ्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. सुगीच्या तोंडावर शेतात किंवा गावालगत जमीन ठोकून, पाणी शिंपून, शेणाने सारवून खळे तयार करीत. मध्यभागी तिवडा रोवीत, त्याभोवती कणसे पसरीत आणि त्यांवर बैलांची पात गोल फिरवीत. नंतर वाऱ्याच्या दिशेने उफणणी होई, भूस एकीकडे पडे, दाणे एकीकडे, आणि दाण्यांची रास लागे. रास पायलीने मोजली जाई. मोजणारा मालक राशीजवळ उभा असे. खळ्याच्या कडेला, हातात फाटके धोतर किंवा पाटी घेऊन, बलुतेदार उभे असत.

त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याच्या ओळींचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्या हिशेबात महाराचे स्थान थोरल्या ओळीत येते. कागदावर हा मान मोठा दिसतो. प्रत्यक्षात वेशीची राखण, सरकारी वसुलाची ने-आण, मयताचा सांगावा, मेलेली जनावरे ओढणे, लाकडे फोडणे, पाहुण्या अंमलदाराच्या घोड्याला चारा घालणे, अशी वर्षभराची कामे करून त्याच्या वाट्यास खळ्याच्या कडेवरचे धान्य येई. तेही मालकाच्या मर्जीने, आणि मागितल्याशिवाय क्वचितच. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गावाच्या शिवेचा तंटा उद्भवला की महाराची साक्ष महत्त्वाची मानीत, कारण कोणते शेत कोठे संपते हे त्याच्या पायांना ठाऊक असे. ज्याला साऱ्या शिवाराच्या सीमा माहीत, त्याच्या स्वतःच्या नावावर शिवारात बहुधा इनामाचा एखादा तुकडा असे. त्याला हाडकी-हाडोळा म्हणत, आणि तो साऱ्या भावकीत वाटला जाऊन नावापुरता उरे.

या बलुत्याला प्रतिष्ठेची एक कथाही चिकटविलेली होती. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाच्या इमानावर प्रसन्न होऊन महारांना बावन्न हक्क दिले, अशी ती कथा. बेदर मराठवाड्याला लागूनच असल्याने या भागात तिचा पगडा अधिक. आमचे मत असे की या कथेने महार समाजाला जितका अभिमान दिला तितकेच त्याला बांधूनही ठेवले. भाकरी मागण्याचाही हक्क असतो असे एकदा मनावर ठसले की ती मागणे हा अपमान आहे हे उमगण्यास पिढ्या लागतात.

बाबासाहेबांनी नेमक्या याच गाठीवर घाव घातला. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारता’तून त्यांनी महार वतनाची चिकित्सा केली आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरविली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वतनाने महार सरकारचाही चाकर होतो आणि गावाचाही, पोटभर मोबदला मात्र दोघांपैकी कोणीच देत नाही. म्हणून बलुते नको, वतनाची जमीन इतर रयतेप्रमाणे पूर्ण सारा आकारून त्याच्याकडे द्यावी. हा सारा मुंबई इलाख्यातील उद्योग होता. मोगलाईत त्या कायद्याचा अंमल चालणार नव्हता. पण विचाराला सरहद्द नसते, आणि पोटाच्या प्रश्नावरचा विचार तर सर्वांत लवकर सरहद्द ओलांडतो.

येथे सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्ताचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. मगधातील एकनाळा गावी पेरणीचे दिवस होते. भारद्वाज ब्राह्मणाचे पाचशे नांगर जुंपलेले होते आणि कामकऱ्यांना अन्नवाटप चालू होते. तथागत भिक्षापात्र घेऊन एका बाजूस उभे राहिले. ब्राह्मणाने त्यांना सुनावले, की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसेच करून खावे. तथागतांनी उत्तर दिले, की मीही नांगरतो आणि पेरतो. आणि श्रद्धेचे बीज, तपाचा पाऊस, प्रज्ञेचे जू व नांगर असे आपल्या शेतीचे स्वरूप त्याला समजावून सांगितले. प्रसन्न झालेल्या ब्राह्मणाने पायस पुढे केले, तेव्हा गाथा म्हणून मिळालेले अन्न आपण सेवन करीत नाही असे सांगून त्यांनी ते नाकारले.

या सुत्ताचा आध्यात्मिक अर्थ आमचे विद्वान भिक्खू वारंवार सांगतात. आम्हांस त्यातील दृश्य महत्त्वाचे वाटते. शेताच्या कडेला एक जण पात्र घेऊन उभा आहे, आणि धान्याचा धनी त्याला विचारतो आहे की तू नांगरलेस काय? मराठवाड्यातील खळ्यावर हाच प्रश्न शतकानुशतके विचारला गेला, आणि ज्यांना विचारला गेला त्यांनी नांगरलेही होते, पेरलेही होते, राखणही केली होती. एकनाळ्याच्या शेतात जो प्रश्न अज्ञानातून आला तो येथे जाणूनबुजून विचारला जाई. म्हणूनच पायस नाकारण्याच्या त्या कृतीचे मोल या भागातील बौद्धाला ग्रंथ न वाचताही कळले असावे, असे म्हणावयास जागा आहे.

धम्मदीक्षेचा काळ आणि सुगीचा काळ यांचा मेळ पाहावा. अशोक विजयादशमीला शेतात खरीप ज्वारी उभी असते. कार्तिक-मार्गशीर्षात तिची काढणी होते आणि खळी लागतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ते याच दिवसांत. म्हणजे दीक्षेनंतरचे पहिले खळे या समाजाने पोरकेपणात पाहिले. बावीस प्रतिज्ञांत बलुत्याचा उल्लेख नाही. तरीही ज्याने समतेची प्रतिज्ञा घेतली त्याला खळ्याच्या कडेला पाटी घेऊन उभे राहणे अवघड होते. बलुते सोडण्याची ही प्रक्रिया एकाच सुगीत, एकाच तडाख्यात सर्वत्र पूर्ण झाली असे नव्हे. कोठे तरुणांनी मेलेले जनावर ओढण्यास प्रथम नकार दिला आणि वृद्धांनी बलुते घेणे चालू ठेवले. कोठे भावकीच दुभंगली. कोठे सारी वस्ती एका दिवसात बाजूला झाली आणि तिला त्याची किंमत मोजावी लागली. काम बंद म्हणताच मजुरी बंद, वाट बंद, सरपण बंद, जनावरांचे चरणे बंद, ही बहिष्काराची साखळी मराठवाड्यास अपरिचित नाही. स्वाभिमानाच्या गौरवाची गाणी आपण गातो. पण बलुते सोडणे म्हणजे वर्षाच्या धान्याची तरतूद स्वतःच्या हाताने सोडणे होते, आणि ती सोडताना घरातील बाईने उतरंडीतील दाणे मोजले असतील, हे गाण्यात येत नाही.

मग धान्य कोठून आणावयाचे? उत्तर एकच होते, जमीन. गावाच्या हद्दीत जी जमीन कोणाच्याच नावावर नाही ती गायरान. खडकाळ, मुरमाड, उताराची माळजमीन. १९५३ पासून मराठवाड्यात पडीक जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात म्हणून सत्याग्रह झाले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये मराठवाडा व खानदेशात आणि १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचा लढा उभा राहिला. या शेवटच्या लढ्यात तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींनी अटक करवून घेतली. कडेवर मूल घेऊन तुरुंगात गेलेल्या स्त्रियांची संख्या त्यात लक्षणीय होती. ज्या चळवळीस काही समीक्षक केवळ भावनिक म्हणून हिणवितात तिने स्वातंत्र्योत्तर भारतातील जमिनीसाठीचा इतका मोठा सत्याग्रह घडविला, याचे भान ठेवावे.

गायरान कसणे म्हणजे काय हे शब्दांत सांगणे कठीण आहे. प्रथम दगड वेचावयाचे, त्यांचेच बांध घालावयाचे, काटेरी झुडपे खणून काढावयाची, आणि मग उसन्या बैलांनी वखरणी करावयाची. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले होते, की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर लावता येणारे भांडवल, अवजारे आणि जनावरे यांच्या प्रमाणात ते ठरते. विद्यापीठीय अर्थशास्त्राच्या चर्चेत मांडलेला हा सिद्धान्त गायरानधारकाने पाठीच्या कण्याने शिकला. दोन एकर मुरूम, बैल नाही, विहीर नाही; अशा शेतकऱ्यापुढे अडचण एकरांची कमी, बैलांची आणि पाण्याची अधिक असते.

आणि तरीही त्या तुकड्याने घर बदलले. बलुत्याचे धान्य म्हणजे दहा खळ्यांचे दहा प्रकारचे दाणे. ते दळून खाता येते, पेरता येत नाही. त्याची जात ठाऊक नसते, उगवण ठाऊक नसते. स्वतःच्या शेतातील पहिली ज्वारी आल्यावर त्यांतील भरदार कणसे निवडून आढ्याला टांगावयाची, दाणे राखेत घोळून मडक्यात भरावयाचे, मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपावयाचे आणि मृगापर्यंत त्याला हात लावावयाचा नाही, कितीही कडकी आली तरी. बियाणे राखणे ही शेतकऱ्याची खरी खूण आहे. पूर्वी या घरात कणगी असलीच तर रिकामी, आणि बियाण्याचे मडके असण्याचे कारणच नव्हते. देव्हाऱ्यातील मरीआई-म्हसोबा नदीला गेले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली, हा बदल सर्वांना दिसला. त्याच भिंतीच्या वर आढ्याला टांगलेल्या कणसांकडे आमच्या अभ्यासकांचे लक्ष गेले नाही.

शेतातील पेरणीही पाहण्यासारखी होती. ज्वारीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ, मधून मूग-उडीद, कडेला अंबाडी. म्हणजे भाकरी, डाळ, भाजी आणि दोर एकाच तुकड्यातून. तुराट्यांनी कूड शाकारला जाई, कडब्यावर शेळी-गाय जगे. खुरपणीला गेलेली बाई परतताना ओट्यात तांदुळजा, पाथरी, घोळ, कुरडू घेऊन येई. पावसाच्या पहिल्या दिवसांत माळावर उगवणारा कोवळा तरोटा तर १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणीशी कायमचा जोडला गेला आहे. पुढे संकरित ज्वारी आली, कापूस वाढला, आणि १९९० नंतर सोयाबीनने ही मिश्र पेरणी हळूहळू पुसून टाकली. सोयाबीन विकता येते, खाता येत नाही. मळणीयंत्राने खळेही गेले. ज्या खळ्याच्या कडेवर अपमान होता ते खळे गेल्याचे दुःख कोणी करू नये, परंतु ज्या मध्यभागी आपली रास लावण्यासाठी एका पिढीने दगड वेचले ते मध्यही त्यासोबत गेले.

घराच्या मागचा परस हा या इतिहासाचा आणखी एक कोपरा. गावकुसाबाहेरील वस्तीत जागा अपुरी, पाण्याला सार्वजनिक विहिरीची बंदी. म्हणून परस लहानच. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली अळूची पाने, कुडावर चढलेला दोडका, छपरावरचा भोपळा, दाराशी शेवगा, आणि ओल राहील त्या कोपऱ्यात हळदीची चार रोपे. हळदीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. विनयपिटकात वनस्पती तोडण्यासंबंधीचा जो शिक्षापद आहे त्यात वनस्पतींच्या उत्पत्तीचे पाच प्रकार सांगितले आहेत : मूळापासून, खोडापासून, पेऱ्यापासून, शेंड्यापासून आणि बीजापासून होणाऱ्या. त्यांपैकी मूळबीजाचे पहिलेच उदाहरण हळद हे आहे, दुसरे आले. पिंपळ व वड खोडाच्या गटात येतात, ऊस व वेळू पेऱ्याच्या गटात. महावग्गाच्या भैषज्यखंधकात भिक्खूंना औषध म्हणून अनुज्ञात केलेल्या मुळांच्या यादीचा आरंभही हळदीनेच होतो. ही यादी कोणा वनस्पतिशास्त्रज्ञाने अभ्यासिकेत बसून केलेली वाटत नाही; परसात आणि शेतात हात मळलेल्या माणसांचे ते ज्ञान आहे. हळदीचा गड्डा जमिनीत ठेवला की त्यातून रोप येते हे वसमतच्या कोणत्याही मजूर बाईला सांगावे लागत नाही.

वसमत आणि हिंगोलीच्या बाजारपेठा आज हळदीसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. या वैभवाच्या मुळाशी पाणी आहे. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांनी वसमतकडील शिवार ओलिताखाली आले आणि आठ-नऊ महिने जमिनीत राहणारे हे पीक तेथे रुजले. मात्र कालवा उतारावरच्या माळापर्यंत चढत नाही. गायरानधारक बौद्ध कुटुंबाचा हळदीशी संबंध बहुधा मजुरीचा राहिला : लागवडीला बेणे लावणे, उन्हाळ्याच्या तोंडावर गड्डे खणणे, मोडणे, शिजवणे, वाळत घालणे. परसातील चार रोपे घरची, शेतातील चार एकर दुसऱ्याचे. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यास बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या कथेत मध्यवर्ती स्थान दिले. पाणी कोणाच्या शेतात जाते हा प्रश्न बौद्ध इतिहासाच्या अगदी उंबरठ्यावरचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता वर्षावासाकडे वळू. भगवंतांच्या काळी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत, हिरवे गवत तुडवीत, सूक्ष्म जीवांना इजा करीत, म्हणून लोक कुरकुर करू लागले. तेव्हा भगवंतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे महावग्गात म्हटले आहे. म्हणजे हा नियम शिवारातून आलेला आहे. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे तीन महिने हिंगोलीच्या शेतात कोळपणीचे, खुरपणीचे, फवारणीचे, राखणीचे असतात. याच तीन महिन्यांत गावोगावच्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचणारा बहुधा शाळा शिकलेला मुलगा किंवा मुलगी, ऐकणाऱ्या बहुतांशी दिवसभर खुरपून आलेल्या स्त्रिया. हात धुतले तरी नखांत माती असते. जाते गेले, त्यावरच्या ओव्याही गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर त्या गोळा केल्या आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बाबासाहेबांवरील ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून त्यांचा काही ठेवा उरला. जात्यापाशी गाणारी बाई पुढे विहारात ऐकणारी झाली. ती ऐकणारीची वाचणारी व्हावी म्हणून काय करावे याचा विचार आमच्या विहार समित्यांनी अद्याप पुरेसा केलेला नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद करतो.

त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात एक प्रसंग आहे. बाल सिद्धार्थ मित्रांसह पित्याच्या शेतावर जातो. कडक उन्हात, अपुऱ्या वस्त्रांनिशी, मजूर नांगरताना, बांध घालताना, झाडे तोडताना त्याला दिसतात. श्रम एकाने करावे आणि त्यांच्या फळावर दुसऱ्याने जगावे हे योग्य कसे, असे तो मित्रांस विचारतो. मित्रांना उत्तर सुचत नाही. भाद्रपदातील एखाद्या रात्री, बाहेर पाऊस चालू असता, दुसऱ्याच्या सोयाबीनात दिवसभर खुरपून आलेल्या श्रोत्यांपुढे हा परिच्छेद वाचला जातो तेव्हा विहारात जी शांतता पसरते ती ज्याने अनुभवली त्याला या ग्रंथाचे सामर्थ्य वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

या घडीव जीवनावर १९७८ मध्ये मोठा आघात झाला. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड आणि तत्कालीन परभणी जिल्हे, ज्यात हिंगोलीचा भाग मोडत असे, त्यांना मोठी झळ बसली. हजारो माणसे बेघर झाली. या घटनेचा राजकीय अंगाने पुष्कळ विचार झाला आहे; आम्ही महिन्याकडे लक्ष वेधू इच्छितो. श्रावण हा शेतकरी घराचा सर्वांत कडकीचा काळ. मागच्या सुगीचे धान्य तळाला गेलेले, नवे पीक गुडघ्याएवढे. त्या दिवसांत घर जळणे म्हणजे उरलेले धान्य, भांडीकुंडी, अंथरूण आणि ऐन खुरपणीचा हंगाम हे सारे एकदम जाणे. पळून गेलेल्या कुटुंबाच्या शेतात त्या वर्षी तणच माजले असणार. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव आले. जळलेल्या कणग्यांची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

दप्तराचा विषय निघाला म्हणून गायरानाच्या कागदांविषयी थोडे लिहून थांबतो. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयान्वये, १४ एप्रिल १९९० पूर्वी अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण स्वीकारले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षारंभाची तारीख त्यासाठी निवडली होती. पण अतिक्रमण त्या तारखेपूर्वीचे असल्याचा पुरावा अर्जदाराने द्यावयाचा होता. ज्याने जमीन कसली तो पुरावा ठेवीत नाही, तो पीक ठेवतो. उपयोगी पडल्या त्या दंडाच्या पावत्या. बेकायदा जमीन कसल्याबद्दल महसूल खात्याने ज्याला दंड केला, त्याच्याकडे आपण ती कसत होतो याचा लेखी दाखला होता. ज्याच्या गावी तलाठ्याने दयाबुद्धीने दंडच केला नाही त्याच्याजवळ काहीच नव्हते. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध निर्णय दिला, त्याच वर्षी १२ जुलैला राज्य शासनाने त्यास अनुसरून आदेश काढले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत हटविण्याचे निर्देश दिल्यावर गावोगाव नोटिसा गेल्या. सामायिक जमीन धनदांडग्यांनी गिळू नये हा न्यायालयांचा हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु माळावर दगड वेचणारा आणि मोक्याचा भूखंड बळकावणारा हे दोघे एकाच शब्दाने ओळखले जावेत, हे आम्हांस मान्य नाही.

नोटिसा आल्या तेव्हा मराठवाड्यातील अशा घरांत पेट्या उघडल्या गेल्या. नागपूरला दीक्षा घेतलेल्या आजोबांचे छायाचित्र, मुलांचे जातीचे दाखले, आणि घडीवर फाटत आलेल्या दंडाच्या पावत्या. गाव नमुना एक-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीत कसणाऱ्याचे नाव आहे आणि क्षेत्र आहे. त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचे नाव आहे. माळावर यंदाही मृगात पेरणी झाली.